भरतीचं गणित आणि घरातला कारभारी



बऱ्याच दिवसांत काही लिहून झालं नाही. मे महिनाभर घर माणसांनी भरलेलं होतं, नंतर पाऊस सुरू झाला आणि वीज रोजच जायला लागली. पण आजचा विषय तेव्हापासून डोक्यात घोळतोय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

पुण्याची पुतणी तिच्या मुलाला घेऊन आरेला राहायला आली होती. मुलगा सतरा वर्षांचा. तो लहान असतानाच त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालेलं आहे. (हे सगळं तिला विचारूनच लिहितोय. नाव लिहीत नाही. नातेवाइकांना ते माहीतच आहे.)

पहिल्याच संध्याकाळी पडवीत बसून मी त्याला आपल्याकडचं भरतीचं गणित सांगितलं. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. म्हणजे अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. आमच्या लहानपणी बायामाणसं मुळे काढायला खाडीत जायची ती याच गणितावर. माझं बोलणं संपायच्या आत नातू म्हणाला, "आजोबा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा." दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि सबंध महिन्याचं कोष्टक तयार केलं. अक्षर छापल्यासारखं. मी खूश!

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं वारेच्या पुळणीवर त्याचं कोष्टक तपासायला गेलो. त्याने वाळूत काठी रोवली. पण पाणी त्याच्या वेळेच्या आधीच चढून परत फिरलं होतं. हे गणित ढोबळ आहे, जागेप्रमाणे अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, हे सांगायचं मी विसरलो होतो. तो काठीपाशी उभा राहिला तो हलेचना. "भरती चुकली, भरती चुकली," एवढंच म्हणत राहिला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी त्याच्या आईने येऊन कोष्टकात "आरेची वेळ" असा एक नवा रकाना आखून दिला, तेव्हा तो घरी आला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आंघोळीला जा." तो "हो" म्हणाला, टॉवेल खांद्यावर घेतला आणि झोपाळ्यावर बसला. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. बंबातलं पाणी निवून गेलं. माझ्यातला मास्तर काही गप्प बसेना. मी म्हटलं, "अरे, सबंध महिन्याचं गणित मांडणाऱ्या मुलाला आंघोळीचं कळत नाही?"

पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, त्याला कळतं. त्याला सुरू करता येत नाही."

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण नातवाचं नव्हतं, १९८३ सालचं होतं.

१९८३ साली मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. मराठी आणि इतिहास शिकवायचो. वर्गात खाडीच्या बाजूचा एक मुलगा होता. सनावळ्या त्याला तोंडपाठ. पानिपतावर कोण कोण पडलं ते तो यादीसारखं म्हणून दाखवायचा. भरतीचं गणित तर वर्गात त्यालाच विचारायचं. पण वही अपुरी, दप्तर विस्कटलेलं, आणि परीक्षेत पहिला प्रश्न चार पानं लिहायचा, बाकीचे कोरे. पालकांना बोलावलं की आई पदराने डोळे पुसायची. "घरी पण असंच करतो. दोन कामं सांगितली की एकही होत नाही."

एके दिवशी गणिताचे शिक्षक रजेवर होते म्हणून मी तिसऱ्या तासाला इतिहास घेतला. सगळ्यांनी पुस्तकं बदलली, याने नाही. गणिताचं पुस्तक उघडून तसाच बसला. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तो पुटपुटत राहिला, "तिसरा तास गणिताचा." वर्ग हसायला लागला. मला वाटलं हा मुद्दाम माझा पाणउतारा करतोय. मी त्याच्या हातावर छड्या मारल्या आणि त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभा केला. प्रगतिपुस्तकावर मी लिहिलेला शेरा मला अजून शब्दशः आठवतो: "बुद्धी आहे, पण आळशी व उद्धट." दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. मीही चौकशी केली नाही. पटावरून नाव कमी झालं, संपलं.

जाताना पुतणी काही लेख आणि पुस्तकं माझ्यापाशी ठेवून गेली. इंग्रजी माझं बेताचंच, पण शब्दकोश जवळ घेऊन पावसाळाभर वाचत बसलो. तिच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स. मराठीत कोणी "कार्यकारी क्षमता" म्हणतात. मला तो शब्द सरकारी परिपत्रकातला वाटतो. मी आपला त्याला "कारभारी" म्हणतो. घरात धान्य आहे, माणसं आहेत, भांडी आहेत, पण आधी काय, मग काय, कुठे थांबायचं, ऐनवेळी पाहुणे वाढले तर काय, हे ठरवणारा कर्ता माणूस नसेल तर कार्याचा बोजवारा उडतो. मेंदूतही असा एक कारभार चालतो. बेत आखणं, सुरुवात करणं, मधल्या पायऱ्या ध्यानात धरणं, नको ती ऊर्मी आवरणं आणि परिस्थिती बदलली की आपणही बदलणं. बुद्धी वेगळी आणि हा कारभार वेगळा.

हे वेगळेपण माणसाला कसं कळत गेलं, त्याचा इतिहास मोठा वाचनीय आहे. मी पडलो इतिहासाचा मास्तर, तेव्हा तो सांगतोच.

१८४८ साल. आपल्याकडे जोतिबा फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ते साल. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला अमेरिकेत व्हरमाँट राज्यात रेल्वेसाठी सुरुंग लावायचं काम चालू होतं. फिनिअस गेज नावाचा पंचवीस वर्षांचा मुकादम दारू ठासत असताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, तेरा पौंड वजनाची पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. माणूस वाचला! बोलत होता, चालत होता, स्मरण शाबूत होतं. पण डॉक्टर हार्लो यांनी १८६८ साली लिहिलं, की तो आता असंख्य बेत करतो आणि एकही तडीस नेत नाही, पूर्वीचा कामसू गेज उरला नाही. कपाळामागच्या मेंदूच्या भागाचं काम काय, याची चर्चा पुढे या माणसाचं नाव घेऊन होत राहिली.

ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत इथेच थांबते. पण पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटला. तोच गेज पुढे दक्षिण अमेरिकेत चिली देशात जाऊन काही वर्षं सहा घोड्यांची टपालगाडी हाकत होता. ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी जुने कागद धुंडाळून असं मांडलं, की त्या कामानेच त्याला पुष्कळसं सावरलं असावं. पहाटे उठा, घोडे जुंपा, प्रवासी घ्या, ठरलेल्या वाटेने ठरलेल्या मुक्कामी जा. आतला कारभारी जायबंदी झालेला, पण कामाने बाहेरून कारभार पुरवला. १८६० साली तो वारला.

दुसरं नाव रशियाच्या अलेक्झांडर लुरिया यांचं. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेले अनेक सैनिक त्यांनी तपासले. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले काही रुग्ण दिलेली सूचना जशीच्या तशी म्हणून दाखवत, आणि तरी ती कृती त्यांच्याकडून होत नसे. म्हणजे "कळतं पण वळत नाही" ही आपण शिवीसारखी वापरलेली म्हण त्यांनी दवाखान्यात प्रत्यक्ष पाहिली!

आता ऑटिझमकडे येतो. हा शब्द १९११ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर यांनी वेगळ्याच आजाराबद्दल वापरला होता. मूळ ग्रीक शब्द "ऑटोस", म्हणजे स्वतः. आपण त्याचं भाषांतर "स्वमग्नता" केलं. शब्द गोड आहे, पण त्यातून असं वाटतं की हे मूल आपल्याच सुखात दंग आहे, त्याला कोणाची पर्वा नाही. पुळणीवर काठीपाशी उभा असलेला माझा नातू कुठल्याही सुखात दंग नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा यापुढे मी ऑटिझमच म्हणेन.

१९४३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अस्पर्गर यांनी तशाच मुलांबद्दल लिहिलं. (त्याच १९४४ साली मुंबईत वकील कुटुंबाने आपल्या मुलीसाठी सुरू केलेल्या शाळेतून आजची जय वकील संस्था उभी राहिली. ती मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी होती. ऑटिझम हा शब्द तेव्हा आपल्याकडे कोणाच्या कानावरही नव्हता.)

कॅनरच्या यादीतलं पहिलं मूल म्हणजे मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांना मुलाबद्दल तेहतीस पानी पत्र टाइप करून पाठवलं होतं. त्या मुलाला मोजण्याचं वेड. पुढे त्याला काही वर्षं एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. त्या अडाणी वाटणाऱ्या शेतकऱ्याने काय केलं असेल? मुलगा सारखं मोजतो म्हणून त्याच्यावर ओरडला नाही. नांगरताना मक्याच्या ओळी मोजायला सांगितल्या! मापं घ्यायचं वेड होतं, तर विहीर खणायला लावून किती खोल गेली ते मोजायचं काम दिलं. मोजता मोजता नांगरणी झाली, विहीरही झाली. हे कॅनर यांनीच पुढे लिहून ठेवलंय. डोनाल्ड कॉलेज शिकला, आजोळच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. गावाने त्याला सांभाळलं. त्याच्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांना गावकऱ्यांनी बजावलं होतं, आमच्या डॉनला त्रास देऊ नका.

अर्थात त्याचं घर श्रीमंत होतं, हे विसरून चालणार नाही. पुष्कळांच्या वाट्याला तेव्हा कोंडवाडेच आले. आणि त्यांच्या आयांच्या वाट्याला दोष! आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हा समज तिकडे बरीच वर्षं चालला. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, ज्यांचा स्वतःचा मुलगा तसा होता, १९६४ सालीच पुस्तक लिहून सांगितलं होतं की हे जन्मजात आहे, मेंदूशी निगडित आहे. तरी हा समज जायला वेळ लागला. आपण तरी काय वेगळं केलं? तिकडे आई थंड म्हणून दोष, इकडे आईने लाडावून ठेवलं म्हणून. माझ्या समोर पदराने डोळे पुसणाऱ्या त्या बाईला मी हेच ऐकवलं होतं.

कारभारी आणि ऑटिझम यांची गाठ नीट पडली ती पुढे. १९९१ साली सॅली ओझोनॉफ, ब्रूस पेनिंग्टन आणि सॅली रॉजर्स या अमेरिकन संशोधकांनी बुद्धीने चांगली असलेली ऑटिझमची मुलं आणि तरुण तपासले. दोन चाचण्या त्यात महत्त्वाच्या होत्या. एक हनोईचा मनोरा. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. १८८३ साली फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी हे कोडं बाजारात आणलं तेव्हा त्याला काशीच्या देवळाची दंतकथा जोडून दिली होती, की तिथले पुजारी सोन्याच्या चौसष्ट चकत्या हलवत बसलेत आणि काम संपलं की जग संपेल. तीन चकत्यांना किमान सात खेळ्या लागतात. खेळी करायच्या आधी पुढच्या दोनतीन खेळ्या डोक्यात मांडाव्या लागतात.

दुसरी चाचणी पत्त्यांची. पत्त्यांवर रंगीत आकृत्या असतात. ते रंगाप्रमाणे लावायचे, आकाराप्रमाणे की संख्येप्रमाणे, हे सांगत नाहीत. तुम्ही पत्ता लावायचा, परीक्षक फक्त "बरोबर" किंवा "चूक" म्हणणार. नियम सापडून गाडी सुरळीत चालली, की परीक्षक काही न सांगता नियमच बदलतो. ऑटिझमची मुलं दोन्हीकडे मागे पडली. पत्त्यांत तर "चूक, चूक" ऐकूनही जुन्याच नियमाने लावत राहिली.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. न सांगता नियम बदललेला तो तिसरा तास! ज्याला चाचणी म्हणतात ती मी १९८३ साली घेतली होती, आणि निकाल म्हणून छड्या दिल्या होत्या.

पुढचं संशोधन या बाबतीत सावध आहे, तेही सांगायला हवं. तीच पत्त्यांची चाचणी माणसाऐवजी संगणकावर घेतली तेव्हा मुलांची अडचण कमी दिसली, असं ओझोनॉफ यांनीच १९९५ साली नोंदवलं. म्हणजे समोरच्या माणसाच्या मनात काय आहे हे ओळखण्यातही काही भाग अडतो. २०१८ साली सिडनीच्या संशोधकांनी २३५ अभ्यास एकत्र करून पाहिले. कारभाराची अडचण खरी आहे, सरासरीने मध्यम आहे, आणि ती एखाद्याच कौशल्यापुरती नसून सर्वत्र थोडीथोडी पसरलेली आहे, असं त्यांना दिसलं. पण टेबलावरच्या एका चाचणीने एखाद्या मुलाबद्दल ठामपणे काही सांगता येत नाही. घरीदारी रोज काय होतं हे विचारणाऱ्या प्रश्नावल्या त्यापेक्षा जास्त सांगून जातात. पुतणीला तिच्या डॉक्टरांनी अशीच प्रश्नावली भरायला दिली होती. शिवाय प्रत्येक मुलाची अडचण सारखी नसते, आणि ऑटिझम नसलेल्या काही मुलांनाही, उदाहरणार्थ एडीएचडी असलेल्यांना, कारभाराचा त्रास असतो.

२०२१ साली इंग्लंडमध्ये आणखी एक छान काम झालं. कॅरेन बकल आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांनाच विचारलं, की तुमचं नेमकं काय होतं? त्यांनी सांगितलं, की करायची इच्छा असते, काय करायचं तेही ठाऊक असतं, पण अंग हलत नाही. आणि एकदा सुरू झालं की थांबता येत नाही. बाहेरून कोणी हलकेच हात लावला, सोबत उभं राहिलं, की गाडी सुटते. टॉवेल खांद्यावर टाकून झोपाळ्यावर बसलेल्या माझ्या नातवाला हे इतकं नीट सांगता आलं नसतं, पण तो तेच जगतोय.

मग करायचं काय? वॉशिंग्टनच्या लॉरेन केनवर्दी आणि मंडळींनी २०११ साली शाळांसाठी एक अभ्यासक्रम छापला आणि २०१४ साली त्याचे शाळांतले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचून मला हसू आलं, इतका तो साधा आहे. काम काढलं की पाच शब्द: काय साधायचं, कशासाठी, बेत काय, कर, आणि झालं का तपास. पहिला बेत फसला तर दुसरा बेत आधीच तयार ठेवायचा. शिक्षक आणि आईवडील दोघांनी तेच शब्द, त्याच क्रमाने, रोज वापरायचे. शिकवणारे शाळेतलेच कर्मचारी होते आणि मुलांत फरक पडला. पुतणीने कोष्टकात "आरेची वेळ" हा रकाना आखून दिला, तो दुसरा बेतच होता म्हणा ना.

आपल्याकडे कायदा सावकाश आला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ यांनी, ज्या स्वतः अशा मुलाची आई, ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था सुरू केली. अशा पालकांनी रेटा लावला. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात ऑटिझम शब्द आला. आईवडिलांनंतर पालकत्व कोणाकडे, याची तरतूद त्यात आहे, आणि न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. (नात्यातल्या ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय.) २०१३ साली आपल्या पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि अंगणवाडी-शाळांतल्या तपासणीच्या यादीत ही मुलं आली. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझमची नोंद झाली. शेजारच्या गोव्यात "संगाथ" संस्थेने साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी पालकांना शिकवण्याचा प्रयोग केला, तो २०१६ साली नावाजलेल्या नियतकालिकात आला. पण तो लहान मुलांसाठी. सतरा वर्षांच्या मुलासाठी काय? पुतणीला सगळीकडे "लवकर आला असतात तर" हेच ऐकायला मिळतं. ती मला म्हणाली, "काका, लहानपणी सगळे विचारायचे, बोलतो का? आता तो बोलतो. पण मी नसले तर त्याला सकाळी उठून दिवस सुरू करून कोण देणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. पण तो प्रश्न घेऊन मी जुलैमध्ये खाडीच्या बाजूला गेलो, बेचाळीसेक वर्षांनंतर.

तो विद्यार्थी आता पंचावन्नच्या घरात आहे. त्याला ऑटिझम आहे की नाही हे मी सांगणार नाही. मी डॉक्टर नाही आणि त्याला कोणी कधी तपासलेलं नाही. त्याच्या वहिनीकडून जे कळलं ते असं. शाळा सुटल्यावर तो मामाच्या होडीवर गेला. भरतीला जाळं लावायचं, ओहोटीला उचलायचं. मामा हाक मारायचा, "चल रे," की हा निघायचा. तीसेक वर्षांत एक पाणी चुकवलं नाही. मामाला त्याच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा मिळाला नसता. मामा गेला, होडी विकली गेली, आणि हा पडवीत बसला. लोक म्हणायला लागले, मामाने पोसला, आता आयतं खातो.

मला गेज आठवला, डोनाल्ड आठवला. ज्या गोष्टीला आज तज्ज्ञ मोठी नावं देतात ती त्या मामाच्या हाकेत होती. पण म्हणून जुनं गाव फार चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. ज्यांना असा मामा मिळाला नाही, ज्यांना बोलता येत नव्हतं, ती माणसं मागच्या पडवीत वाढली आणि तिथेच गेली. बाहेरची बाधा म्हणून त्यांच्यावर काय काय उपाय झाले तेही मी पाहिलेत. आणि एका माणसाच्या हाकेवर सगळं आयुष्य उभं असेल तर तो माणूस गेल्यावर काय होतं, हे पडवीत दिसतच होतं.

मी समोर जाऊन बसलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, आज तिथी कुठली?" मी म्हटलं, "एकादशी." तो म्हणाला, "सव्वाआठ. पण आपल्याकडे जरा आधी." आजोबांना सांगायचं राहिलं ते त्याला पक्कं माहीत होतं.

मग मी कसंबसं म्हटलं, "तेव्हा मी तुला मारलं, ते चुकलं." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तिसरा तास गणिताचा होता."

"हो," मी म्हटलं. "गणिताचाच होता."

वारेच्या वळणावर पर्यटकांसाठी खोल्या काढलेल्या एका ओळखीच्या माणसाशी मी बोललो. अंगण झाडायचं आणि झाडांना पाणी घालायचं काम होतं. पहिल्या आठवड्यात फसलंच. मालक म्हणाला, "सर, तो नुसता उभा राहतो." मी विचारलं, तुम्ही सांगता काय? तर म्हणे, "जरा आवरून घेत जा." आता "आवरून घेत जा" याचा अर्थ नेमका काय, ते मलाही सांगता येणार नाही! मग आम्ही पुठ्ठ्यावर लिहिलं. सात वाजता झाडू घेणे. गेटपासून विहिरीपर्यंत झाडणे. कचरा खड्ड्यात. बारा माडांना दोन-दोन बादल्या. मग चहा. खाली वेगळ्या रंगात: पाऊस असेल तर पाणी नाही, त्याऐवजी पागोळ्यांखालची पन्हळ साफ करणे. आणि सातला मालकाच्या मुलाने एक हाक मारायची.

दोन महिने झाले, चाललंय. एकदा मालकाचा मुलगा गावाला गेला आणि हाक मारायचं राहिलं, त्या दिवशी तो घरीच बसून राहिला. म्हणून आता हाक मारणारी दोन माणसं ठरवली आहेत, एक नसला तर दुसरा. तिसरं माणूस शोधतोय.

रत्नागिरीत "आविष्कार"ची शामराव भिडे कार्यशाळा आहे. मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मोठ्या मुलामुलींना तिथे कामाची सवय लावतात. दिवाळीत त्यांच्या वस्तू आम्ही घेतोच. पण गावोगावी अशी कार्यशाळा निघणार नाही. पुठ्ठा आणि हाक तेवढी निघू शकते.

पुतणीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिनेही पुण्यात बाथरूमच्या दारावर पुठ्ठा लावलाय. नातवाने त्यात स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: "पाणी गार झालं तर परत तापवणे." काही दिवस पुठ्ठ्याने काम होतं, काही दिवस होत नाही. ती म्हणते, काका, होत नाही त्या दिवशी मी निदान त्याला आळशी म्हणत नाही.

ज्यांनी माझ्यासारखी मास्तरकी केली आहे, त्यांनी आपले जुने शेरे एकदा आठवून बघा. तुमच्या गावात, नात्यात असं कोणी पडवीत बसलेलं असेल आणि त्याच्यासाठी काही जमलं असेल, तर मला जरूर कळवा. आमच्या तिसऱ्या माणसाचा शोध अजून संपलेला नाही.

तूर्त इतकंच. वीज आहे तोवर आटोपतो.